दादाच्या कमरेचं ऑपरेशन: कुठलं, कशासाठी आणि कधी, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले

परवा आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत चहा घेताना शेजारच्या कारखान्यातल्या एकाने मला गाठलं. त्याच्या बायकोला मणक्यात गॅप सांगितलाय, पाय धरून रात्रभर बसून असते, आणि त्याचा प्रश्न एकच, "तुमच्या दादाचं कुठलं ऑपरेशन केलं ओ, दुर्बिणीचं का स्क्रूवालं?" मी उभ्याउभ्या अर्धा तास बोललो तरी निम्मं सांगायचं राहिलं, घरी येऊन चैन पडेना म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा माणूस आहे. पण ते दोन महिने दादाच्या फायली घेऊन मीच फिरलो, वाचलं, विचारलं, आणि आमची कुठे चूक होता होता राहिली ते अजून डोक्यातून जात नाही.

गेल्या जूनची गोष्ट. आमचे आठ लूम आहेत, लूमचं सगळं दादा बघतो. त्या दिवशी एक कामगार आला नव्हता, भरलेलं बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, चढवायला तिघं लागतात तिथं दोघंच होते, दादा वाकला, उचललं आणि कमरेत कट्कन झालं म्हणाला. उसण भरली असंच सगळ्यांना वाटलं, वहिनीने शेक दिला, बाम चोळला, दोन दिवस पडून राहिला. तिसऱ्या दिवशी कमर बरीच मोकळी झाली पण दुखणं खाली उतरलं. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरच्या बाजूने, पोटरीच्या कडेकडेने, पार पावलाच्या वरच्या अंगाला आणि अंगठ्यात. करंट मारल्यासारखं. शिंक आली की भिंत धरायचा. बसवत तर नव्हतंच, जेवण उभ्याने, आणि रात्री जमिनीवर पाठ टेकून पाय स्टुलावर ठेवून पडायचा. दिवसभर लूमच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस, कधी डोकं दुखलं म्हणून गोळी घेतलेली नाही, तो पहाटे तीनला स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या उभ्या रडताना मी बघितला.

पहिली चूक आमचीच. कुणीतरी सांगितलं की अमक्या गावात एकजण मणके बसवून देतो, नेलं गाडीत घालून. त्याने दादाला पालथं झोपवून कमरेत गुडघा दिला आणि पाय ओढला. येताना दादा गाडीच्या मागच्या सीटवर आडवा होता आणि एक शब्द बोलत नव्हता. ज्या माणसाचं दुखणं पायात उतरलंय त्याला असल्या ठिकाणी नेऊ नका, एवढं एक तरी माझं ऐका.

मग एमआरआय केला. रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये, डिस्क बाहेर आलीय, डाव्या बाजूची नस दबलीय, आणि खाली एल५-एस१ ला, म्हणजे पाचवा मणका आणि त्याखालचं हाड यांच्यामध्ये, पण थोडा फुगवटा आहे असं लिहिलेलं. तो घेऊन एका दवाखान्यात गेलो, तिथल्या सर्जननी फिल्म लाइटवर लावली, दोन मिनिटं बघितली आणि म्हणाले दोन्ही लेव्हलला स्क्रू-रॉड टाकून फिक्स करायला लागेल, या आठवड्यात करा नाहीतर पाय जाईल. दादाला तपासलंच नाही. पाय उचलून बघितला नाही, चालायला लावलं नाही, कुठं दुखतंय ते बोटाने दाखव म्हणले नाहीत. आम्ही एवढे घाबरलेलो की अॅडव्हान्स भरायला मी एटीएमपर्यंत गेलो होतो. वहिनी म्हणाली, भावजी, एकदा आपल्या डॉक्टरांना दाखवू आणि मग भरा. तिचं ते एक वाक्य.

आमचे घरचे डॉक्टर जुने, आम्हा दोघा भावांना लहानपणापासून बघितलेले. त्यांनी आधी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि दादाला झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला, अर्ध्यावर जायच्या आत दादा ओरडला. मग टाचांवर चाल म्हणले, चवड्यांवर चाल म्हणले, अंगठा वर कर, मी दाबतो तू दाबू देऊ नको. सगळं केलं दादाने. दुखत होतं पण ताकद होती. मग त्यांनी आईसमोर समजावलं, कारण आई पण हट्टाने आलेली. म्हणाले, दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, तिचं वरचं आवरण चिवट, गोल गोल थरांचं, आणि आत मऊ गर. पुरणपोळी लाटताना कडेला फाटली की पुरण बाहेर येतं ना, तसं तो गर मागच्या बाजूने बाहेर आलाय आणि नेमकी तिथूनच पायाची नस जाते. म्हणून खराबी कमरेत आणि बोंब पायात. बहुतेकांची कमरेची गादी फाटते ती शेवटच्या दोनच ठिकाणी, एल४-एल५ नाहीतर एल५-एस१, कारण सगळं वजन आणि सगळं वाकणं तिथंच. एल४-एल५ ला फाटली की सहसा एल५ ची नस सापडते, ती अंगठा वर उचलते. खालची फाटली की एस१, मग चवड्यावर उभं राहणं अवघड होतं आणि पावलाची बाहेरची कड बधिर पडते. आता हे कळल्यावर दादाचं दुखणं अंगठ्यातच का, ते आम्हाला लख्ख दिसलं. आणि खालच्या लेव्हलचा जो फुगवटा रिपोर्टात होता, त्याचा पायाच्या दुखण्याशी काही मेळच लागत नव्हता. म्हणजे तिथं स्क्रू कशाला?

यावर मी नंतर वाचलं ते ऐका. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीच नसलेल्या ९८ लोकांचा एमआरआय काढून बघितला होता. त्यातल्या फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या गाद्या नॉर्मल निघाल्या, निम्म्याहून जास्त लोकांच्या एका तरी गादीला फुगवटा होता, आणि त्यांना काही त्रास नव्हता. म्हणजे रस्त्यावरून धडधाकट चालणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी रिपोर्टात काहीतरी लिहून येणारच. ऑपरेशन फोटोचं करायचं नसतं, माणसाचं करायचं असतं, असं आमचे डॉक्टर म्हणाले ते मी डायरीत लिहून ठेवलंय.

आणखी एक सांगितलं त्यांनी, आणि हे सांगताना ते खुर्चीतून पुढे झुकले. लघवी अडकली किंवा होतेय ते कळेनासं झालं, संडासवर कंट्रोल गेला, सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथं बधिर झालं, किंवा दोन्ही पायातली ताकद उतरायला लागली, तर रात्रीचे दोन वाजलेले असू देत, जिथं एमआरआय आणि मणक्याचा सर्जन दोन्ही आहे अशा ठिकाणी त्याच क्षणी जायचं. सकाळची वाट बघायची नाही, मला फोन करत बसायचं नाही. तिथं तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर लघवीचा कंट्रोल कायमचा जाऊ शकतो. वहिनीने हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून फ्रिजवर लावलं आणि रोज सकाळी दादाला लाज न बाळगता विचारायची. बायकांना, म्हाताऱ्या माणसांना हे बोलायला संकोच वाटतो, लपवून ठेवतात, म्हणून घरातल्या कुणीतरी स्वतःहून विचारायलाच पाहिजे.

तसलं काही नव्हतं, ताकद होती, म्हणून थांबायचं ठरलं. थांबणं म्हणजे नुसतं पडून राहणं नाही हे पण तेव्हाच कळलं. दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नका, झेपेल तेवढं घरातल्या घरात चाला, वाकू नका, उचलू नका. दुखण्याच्या गोळ्या आणि नसेची प्रीगॅबलिनची गोळी, त्याने दादाला दिवसभर झिंग यायची, पहिले चार दिवस तर बोलताना मध्येच झोपायचा. फिजिओथेरपीला सात रस्त्याला रिक्षाने न्यायचो, रिक्षात त्याला बसवत नव्हतं म्हणून मागच्या सीटवर तिरका झोपवून, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याचा हात माझा दंड आवळायचा. लोकांचे सल्ले तर विचारू नका. पट्टा बांध, वजन लाव, पपई खा. पपईचं ऐकून मला आधी खोटंच वाटलं होतं पण त्याच्यामागे एक खरी गोष्ट निघाली. पपईच्या चिकातलं एक एन्झाइम सुईने थेट गादीत सोडून आतला गर विरघळवायची पद्धत खरंच होती, अमेरिकेत १९८२ साली तिला परवानगी मिळाली होती, पण काहींना फार वाईट अॅलर्जी यायची आणि पुढे ते औषध बाजारातून गेलं. पपई खाऊन मात्र मणक्यात काही पोचत नाही.

खरी आशा वेगळीच होती. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू खाऊन टाकतं. आणि गंमत अशी की तुकडा जेवढा मोठा आणि पूर्ण सुटलेला, तेवढा तो विरघळायची शक्यता जास्त, नुसता फुगवटा असेल तर कमी. बऱ्याच जणांचं पायाचं दुखणं सहा ते बारा आठवड्यात ऑपरेशनशिवाय उतरतं ते यामुळे. हे कळल्यावर आई रोज सकाळी सिद्धेश्वराला जाऊन यायची आणि आल्या आल्या विचारायची, "आज किती हाय?"

पाचव्या आठवड्यात दुसऱ्या एका मणक्याच्या सर्जनकडे गेलो, त्यांचं नाव लिहीत नाही पण त्यांनी आम्हाला चाळीस मिनिटं दिली. त्यांनी वाकून आणि मागे झुकून असे दोन साधे एक्स-रे काढायला लावले. मणका मणक्यावरून सरकतोय का हे एमआरआयमध्ये झोपलेल्या अवस्थेत नीट कळत नाही, उभ्याने वाकल्यावर कळतं. दादाचा सरकत नव्हता. तेव्हा ते स्पष्ट म्हणाले की स्क्रू कशासाठी असतात, तर मणका सरकत असेल, वाकडा झाला असेल, किंवा त्याच ठिकाणी परत परत गादी बाहेर येत असेल, आणि तुमच्याकडे यातलं काहीच नाही. दोन मणके कायमचे जोडले की तिथलं हलणं बंद होतं आणि तो भार वरच्या-खालच्या गादीवर पडतो, बेचाळिसाव्या वर्षी गरज नसताना ते कशाला. आम्ही बाहेर आलो तेव्हा दादा काहीच बोलला नाही, जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. एटीएमपर्यंत गेलेलो होतो ओ मी.

त्यांनी आधी नसेच्या मुळाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे मशीनखाली बघून सुई तिथपर्यंत नेतात. दहा दिवस दादा माणसात आला. बसून जेवला, झोपला. मग परत हळूहळू सुरू झालं. इंजेक्शन गादी आत ढकलत नाही, नसेची सूज उतरवून वेळ काढून देतं. काहींचं तेवढ्यात काम होऊन जातं, आमचं झालं नाही.

आणि मग ती चप्पल. आठवा आठवडा होता. दादा दारातून आत आला, डाव्या पायातली चप्पल बाहेर पायरीवरच राहिली आणि त्याला कळलंच नाही. वहिनीने बघितलं. "अहो, चप्पल कुठंय?" त्याने खाली बघितलं. मग तिने त्याला टाचांवर उभं केलं, डावं पाऊल वर उचलेना, चालताना फरशीवर पट् पट् आपटायला लागलेलं. दुखणं उलट त्या दोन दिवसात जरा कमी झालेलं, आम्ही खूश होतो, आणि तेच फसवं निघालं. नस दबून दबून थकली की दुखणं कमी होऊन ताकद जाते असं पण होतं. त्या दुसऱ्या सर्जनना फोन केला तर म्हणाले आता थांबायचं नाही, उद्या सकाळी या.

त्या सकाळी त्यांनी सगळे पर्याय कागदावर काढून दाखवले. तो कागद माझ्याकडे अजून आहे.

जुन्या पद्धतीचं उघडं ऑपरेशन ते पहिलं. मणक्याची गादी फाटून नस दाबते आणि तो तुकडा काढला की पाय सुटतो, हे नीट मांडलं गेलं १९३४ साली, बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी. त्याआधी अशा रोग्यांना गाठ आहे समजायचे. तेव्हा मोठा चीर, स्नायू बरेच सोडवायचे, हाडही जास्त काढायचे. दुसरं मायक्रो, म्हणजे तेच काम पण मायक्रोस्कोपखाली, १९७७ पासून हे रूढ होत गेलं. चीर इंच-सव्वा इंचाचा, स्नायू बाजूला सारायचा, मणक्याच्या मागच्या हाडाला छोटी खिडकी पाडायची, खालचा पिवळा पडदा उघडायचा, नस हळूच बाजूला धरायची आणि तिच्याखालचा तुकडा उचलून काढायचा. लोकांना वाटतं अख्खी गादी काढतात. तसं नाही, जे बाहेर आलंय आणि जे सुटं आहे तेवढंच काढतात, गादी तिथंच राहते. तिसरं दुर्बिणीचं, एंडोस्कोपी, सेंटीमीटरभर छेदातून पेन्सिलीएवढी नळी घालून पाणी सोडत स्क्रीनवर बघून करतात, कमरेच्या बाजूने किंवा मागून. बाजूने केलं तर पूर्ण भूल न देता पण होतं, हे हार्ट किंवा दमा असलेल्यांना मोठंच सोयीचं. पण एल५-एस१ ला बाजूने जायला कमरेचं हाड आडवं येतं, आणि तुकडा गादीपासून लांब खाली-वर सरकलेला असेल तर दुर्बिणीने गाठायला हात फार सरावलेला लागतो. लॅमिनेक्टॉमी पण त्यांनी सांगितली, मागचं हाड जास्त काढून मणक्यातली नसांची पूर्ण नळीच मोकळी करायची, ती जास्त करून वय झालेल्या, नळी अरुंद झालेल्या लोकांत. कृत्रिम गादीचं पण मी विचारलं, ते म्हणाले तो प्रश्न तुमचा नाहीच.

मला मनापासून दुर्बिणीचं हवं होतं. छोटा छेद, लवकर घरी, जाहिराती पण सगळ्या त्याच्याच. पुण्याला फोनवर रिपोर्ट पाठवून एक मत घेतलं, तिथले म्हणाले होईल. मग मी आमच्या या सर्जनना सरळच विचारलं, "सर, दादाच्या जागी तुमचा भाऊ असता तर?" ते म्हणाले तुकडा खाली सरकलेला आहे, माझा हात मायक्रोचा आहे, मी मायक्रो करीन, तुम्हाला दुर्बिणीचं करायचं असेल तर जो रोज तेच करतो त्याच्याकडे जा, पण पाऊल पडलेलं आहे, आठवडा घालवू नका. २०२२ साली नेदरलँड्समध्ये सहाशेवर रोग्यांवर या दोन पद्धती पडताळून बघितल्या होत्या, वर्षाने पायाच्या दुखण्यात दुर्बीण कुठे मागे पडली नाही. म्हणजे दोन्ही चांगल्या. मग निवड यंत्राची उरत नाही, हाताची उरते. आम्ही मायक्रो केलं.

आईची भीती मात्र वेगळीच होती. तिच्या माहेरच्या गल्लीत कुणाचंतरी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि तो खाटेवरच राहिला, ही गोष्ट तिने आम्हाला लहानपणापासून सांगितलेली. डॉक्टरांनी तिला शेजारी बसवून सांगितलं, आई, पाठीच्या कण्यातला मुख्य दोर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, आपण काम करणार त्याच्या खूप खाली, तिथं फक्त सुटे सुटे धागे असतात. आईचं अर्धं आयुष्य लूमवर गेलंय. ती म्हणाली, "म्हणजे ताण्यासारखे?" हो म्हणले, ताण्यासारखेच, त्यातला एक धागा अडकलाय तो सोडवायचाय. धोका नाही असं ते म्हणाले नाहीत. नसेवरचं आवरण फाटून पाणी गळू शकतं, इन्फेक्शन होऊ शकतं, नसेला धक्का लागू शकतो, शंभरात साधारण ५ ते १५ जणांची गादी तिथंच परत बाहेर येते. दादाची शुगर बॉर्डरला होती ती आधी तपासली. आणि एक वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, हे ऑपरेशन पायासाठी आहे, कमरेसाठी नाही. पायाचं दुखणं जाईल, कंबर अधूनमधून दुखणार. ज्याचा पाय दुखतच नाही, नुसती कंबरच दुखते, त्याला हे ऑपरेशन केलं तर बहुतेकदा निराशाच येते.

पैशाचं पण सांगतो. स्क्रूवाल्याचा अंदाज मायक्रोच्या तिपटीच्या घरात होता. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का हे विचारायला प्रत्येक योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन अॅडमिट व्हायच्या आधी तिथं जा, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

ऑगस्टच्या मध्यावर ऑपरेशन झालं. तास-दीड तास लागला, आम्हाला तो दिवसभर वाटला. बाहेर आल्यावर नर्सने छोट्या बाटलीत तुकडा दाखवला. पांढुरका, ओल्या शेंगदाण्याएवढा. वहिनी बराच वेळ बाटली हातात धरून बसली, म्हणाली, "एवढ्याशाने?" संध्याकाळी दादा शुद्धीवर नीट आला, पहिलं काय म्हणाला तर, पाय कुठाय. पाय शांत झाला होता. दोन महिने सतत ओरडणारा पाय गप्प झाला की माणसाला तो नाहीच असं वाटतं म्हणे. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालला, तिसऱ्या दिवशी घरी.

पण अंगठा उठला नाही. हे आधी सांगितलेलं असूनही आमचा धीर सुटला. दुखणं संध्याकाळी जातं, बधिरपणाला आठवडे लागतात, ताकदीला महिने, आणि काहींची पूर्ण येत पण नाही. जेवढा वेळ नस दबलेली, तेवढा तिला उशीर. सहा आठवडे वाकणं, वजन, कमरेत पिळणं बंद, एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसणं बंद. जुन्या संडासावर कमोडची खुर्ची आणली. टू-व्हीलर तर नाहीच, आपल्या होटगी रोडचे खड्डे माहितीच आहेत. पाऊल खाली पडू नये म्हणून टाचेपासून पोटरीपर्यंतची एक पट्टी घालायचा, आणि रोज रात्री जेवणानंतर वहिनी समोर बसून म्हणायची, "अंगठा." दादा बघत बसायचा अंगठ्याकडे, कपाळावर घाम यायचा. पाचव्या आठवड्यात तो हलला, इतकासा, आमच्या धाकट्या पोरीने आधी बघितलं.

नंतर मी एक अभ्यास वाचला, नेदरलँड्समधलाच, २००७ चा. सहा ते बारा आठवडे पाय दुखणारे २८३ लोक, अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडचे जवळजवळ सारखेच बरे, शंभरात ९५. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात ऑपरेशन करावंच लागलं. हे वाचून माझ्या मनात आलं की मग आपण घाई केली का, दोन दिवस झोप लागली नाही. मग नीट वाचलं तेव्हा दिसलं की ज्यांच्या पायातली ताकद अगदीच गेलेली होती त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. चप्पल निसटली त्या दिवशी आमचा प्रश्नच बदलला होता. त्याआधीचे आठ आठवडे थांबलो ते बरोबर, त्यानंतर थांबलो नाही ते पण बरोबर, असं आता मला वाटतं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी अवघड गेलं. दादा सोळा वर्षांचा असल्यापासून नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्यांच्या सरावाला जातो, पेलणाऱ्या पोरांच्या पुढे-मागे धावणं, हात देणं, हे त्याचं जगणं. डॉक्टरांनी चालायला हो म्हटलं, पेलायला साफ नाही, या वर्षी नाही आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी त्याने बाराबंदी, म्हणजे पांढरा बंदांचा अंगरखा घातला. अक्षता होतात त्या संमती कट्ट्यापर्यंत सगळं अंतर चालला, मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला होतो, पाऊल आपटतंय का बघत. गर्दीत हर्र बोला हर्र चाललेलं, सातही नंदीध्वज समोर, आणि हा दोन्ही हात मागे बांधून उभा, कारण हात पुढे गेला तर आपसूक काठीला लागेल म्हणाला.

आता मार्च. अंगठ्याची ताकद आमच्या डॉक्टरांच्या हिशेबात पाचपैकी चार आहे. पावलाच्या वरचा एक रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे. कंबर संध्याकाळी भरून येते, विशेषतः जास्त उभा राहिला की. कारखान्यात बीमसाठी चाकाची ट्रॉली घेतलीय आणि तिघं असल्याशिवाय बीमला हात लावायचा नाही असं दादानेच भिंतीवर खडूने लिहिलंय.

चहा घेताना भेटलेल्या त्या मित्राला मी काल परत फोन केला. विचारलं, वहिनींना टाचांवर चालता येतं का ते बघितलंस का? तो म्हणाला नाही, कुणी सांगितलंच नाही. बघ म्हणलं, आत्ता बघ, मी फोन धरून थांबतो. पलीकडून त्याचा आवाज ऐकू येत होता, "अगं उठ जरा, भिंत धर, टाचेवर चालून दाखव." चालल्या त्या. दोन्ही पावलं वर उचलली. लघवीचं पण विचारायला लावलं, सगळं ठीक. चौथा आठवडा आहे त्यांचा. सोमवारी त्यांना आमच्या घरच्या डॉक्टरांकडे घेऊन जातोय, दादा पण येतो म्हणालाय.